पेटी माझ्या गच्चीवर, खुर्ची तिच्या ओट्यावर

शनिवारी सकाळी आमच्या गल्लीत कॉलेजची जीप येते. आधी माझं दार लागतं, मग चांगुणाचं. आत्ताआत्तापर्यंत ती माझ्या दारापाशी नुसती जरा हळू व्हायची. माझ्यासाठी नव्हे, तिथं नळासाठी खोदलेली चारी आहे म्हणून. चारी ओलांडली की पुढं जाऊन चांगुणाच्या ओट्याला लागायची. त्या जीपमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी जो बसलेला असतो, तो माझा मुलगा. माझा. चांगुणाचा नव्हे. चांगुणा माझी धाकटी जाऊ.

एवढं सांगितलं की माझं दुखणं निम्मं कळलं असेल. उरलेलं निम्मं आता सांगते.

मुलाचं नाव गोरक्षनाथ. घरात गोरख, कॉलेजात गोरक्षनाथ सर. राहुरीकडून नगरला जाताना रस्त्याच्या कडेला एक इंजिनिअरिंगचं कॉलेज लागतं, तिथं तो प्रोफेसर आहे. त्याचा विषय उष्णता. बायका विचारतात, ‘पोरगा काय शिकवतो?’ मी म्हणते, ‘ऊन.’ बायका हसतात. हसू द्या. आमच्या भागात उन्हाला तोटा नाही, पण ते धरून कसं ठेवायचं हे शिकवणारा माझाच एक आहे.

हे खूळ त्याला लहानपणापासूनचं. आमच्या घराची मावळतीकडची भिंत दगडाची. दिवसभर ऊन खाऊन ती संध्याकाळी अशी तापलेली असायची की थंडीच्या दिवसांत पोरं तिला पाठ लावून बसायची. बाकीची पोरं ऊब घेऊन उठायची. हा बसून राहायचा. भिंतीवर वर-खाली हात फिरवायचा. एकदा मला म्हणाला, “आई, ऊन कवाच गेलं, मग भिंत अजून गरम कशी?”

मी भाकरी थापत होते. म्हणलं, “दगड हाय तो. दगडाला सगळंच उशिरा कळतं.”

त्यावर तो किती वेळ हसला! आणि ते वाक्य त्याच्या डोक्यात राहिलं. हे वाक्य माझं आहे, एवढं ध्यानात ठेवा. पुढं त्याचं काय झालं ते येतंच आहे.

राहुरीला शिकला, मग पुण्याला गेला, नोकरी लागल्यावरही शिकत राहिला आणि डॉक्टर झाला. गावात कळलं तसा पहिला पेशंट आला तो चांगुणाचा गुडघा. गोरख म्हणाला, “काकी, मी तसला डॉक्टर नव्हं.” पण तिला रिकामं पाठवायचं कसं, म्हणून त्यानं शेकायची रबरी पिशवी आणून दिली. दुसऱ्या कुठल्या बाईनं पिशवी घेतली असती आणि गुडघा शेकला असता. हिनं विचारलं, “ही एवढा येळ गरम कशी ऱ्हाती? पितळंचा तांब्या तर लगीच निवतो.” त्यानं सांगितलं. ही म्हणाली, “न्हाई कळलं.” त्यानं परत सांगितलं. परत “न्हाई कळलं.” शेवटी त्यानं तांब्या आणि पिशवी दोन्ही भरून समोर ठेवली आणि दोघं काकी-पुतण्या त्यांना हात लावत बसली. मी चहा घेऊन गेले तेव्हा दोघांनी माझ्याकडं वर पाहिलंही नाही. तेव्हाच मला काळजात काहीतरी टोचलं होतं. गुडघा तसाच राहिला, पण पिशवी मात्र तिला कळली.

आता त्याच्या शिकवण्याचं. सुरुवातीला तोही सगळ्यांसारखाच शिकवायचा. फळा भरायचा, पोरं वहीत उतरवून घ्यायची, वहीतलं पेपरात उतरवायची. मग एकदा त्यानं वर्गातल्या सगळ्यात हुशार पोराला विचारलं, की स्टीलच्या पेल्यातला चहा हाताला चटका देतो आणि कपातला का देत नाही? त्या पोरानं फळ्यावर सूत्र लिहिलं. सूत्र अगदी बरोबर. गोरख म्हणाला, “हे झालं. आता बोलून सांग.” पोरगं खाली बघायला लागलं. मग म्हणालं, “सर, असं पेपरात येत नाही.”

त्या दिवशी गोरख गावाकडं आला होता. ताटातली भाकरी कुस्करत बसला. आमची सून आरती म्हणाली, “अहो, एका पोराचं काय घेऊन बसलात?” तो म्हणाला, “पोराचं न्हाई गं, माझं चुकलंय. इतकी वर्षं मी शिकवतोय आणि त्यांना ऐकायची सवय लावली. समजून घ्यायची लावलीच न्हाई.”

तिथून त्याचा वर्ग बदलला. आता निम्मा तास तो गप्प असतो. पोरं एकमेकांना शिकवतात, सर मागच्या बाकावर बसून ऐकतात. ज्याला अडलं त्यानं उभं राहून कुठं अडलं ते सांगायचं, आणि त्याला कुणी हसलं तर हसणाऱ्यानं फळ्याशी यायचं. कॉलेजातले दुसरे सर म्हणायला लागले, “पगार हे घेतात आणि शिकवायचं पोरांनी.” हे मला आरतीनं सांगितलं, त्यानं नाही. तो असलं घरी आणत नाही. पण त्या सरांना काय बोचत होतं ते मला बरोबर कळतं. पोरं त्यांच्या तासाला दांडी मारायची आणि ह्याच्या तासाला खिडकीत उभी राहायची. दुसऱ्याच्या दारात गर्दी दिसली की आपला ओटा लई मोठा वाटायला लागतो. मला माहिती आहे.

मग त्यानं आणखी एक नियम काढला. शेवटच्या वर्षाची पोरं जे काही यंत्र, पेटी, चूल बनवतील, ते त्यांनी अशा माणसाला समजावून सांगायचं जो कधी त्या वर्गात बसलेला नाही. तेही आपल्या भाषेत. त्या माणसाला कळलं तरच काम पुरं झालं म्हणायचं.

पहिल्या वर्षी ते माणूस मी होते.

काय दिवस होते! जीप चारीपाशी हळू व्हायची आणि थांबायची. पोरं उतरायची, पाया पडायची. मी हात असलेल्या लाल प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचे. त्यांनी तोंड उघडायच्या आधी मी प्रत्येकाला कुळथाच्या गरम शेंगोळ्याची वाटी द्यायचे. सकाळचं निघालेलं पोर, उपाशी पोटी काय सांगणार? मग ती सांगायची. मी मान हलवायचे. शेवटी विचारायची, “कळलं का आजी?” मी म्हणायचे, “कळलं रे बाबा, लई छान सांगितलं.”

आता खरं सांगायचं तर त्यातलं पुष्कळ डोक्यावरून जायचं. पण दारात आलेल्याला नाही कसं म्हणायचं? पाहुणा अळणी भाजीला छान म्हणतो आणि घरातली बाई पाहुण्याच्या बोलण्याला बरोबर म्हणते. आमच्याकडं अशीच रीत आहे. त्यात ही माझ्या लेकाची पोरं. त्यांना नापास करून मी कुणाचं भलं करणार होते?

दुसऱ्या वर्षी जीप पुढं गेली.

मला वाटलं ड्रायव्हर चुकला. मी ओट्यावर येऊन हातही केला. गोरखनं जीपमधून हात केला, हसला, आणि पुढं जाऊन चांगुणाच्या दारात उतरला. थोड्या वेळानं एक उंच पोरगं, हर्षल नाव त्याचं, माझ्याकडं आलं. “आजी, सरांनी लाल खुर्ची मागितलीय.”

दिली. खुर्चीही दिली. अजून ती तिकडंच आहे.

थोरली मी आहे. ह्या घरात हळदीकुंकवाचं पहिलं बोट माझ्या कपाळाला लागतं. पुरणाचं ताट आधी माझ्यापुढं येतं. लग्नात मांडवाच्या दारी मी उभी राहते आणि चांगुणा माझ्या मागं. आणि माझ्याच पोटच्या पोरानं मान नेऊन द्यावा धाकटीला? कारण काय, ते मी विचारलं नाही. विचारणार होते कशाला? त्याला स्वतःला कळायला नको?

मी काय केलं, तर लसूण सोलायला ओट्यावर बसायला लागले. तिचा ओटा आणि माझा ओटा यांत एक कडुलिंब आहे. ऐकू सगळं येतं.

चांगुणा इस्त्रीचं लुगडं नेसून बसायची. शेजारी दोन भांडी. एकात पाणी, एकात गूळ-शेंगदाणे. तिनं आपला कायदा केला होता. कळलं तर गूळ-शेंगदाणे, नाही तर नुसतं पाणी. तो हर्षल सांगायला लागला, “म्हणजे आजी, यात हीट ट्रान्सफर अशी होते…”

“ट्रान्सफर तलाठ्याची हुतीय,” चांगुणा म्हणाली. “तू उन्हाचं बोल.”

पोरं हसली. हर्षल घामाघूम. परत पहिल्यापासून सांगितलं. चांगुणानं शांतपणे तांब्या पुढं केला. “पानी पे. न्हाई कळलं. म्होरल्या शनवारी ये.”

मी मनात म्हणलं, किती हा माज! पोरगं नगरवरून आलंय, त्याला एक शेंगदाणा देईना. आणि गोरख? गोरख कोपऱ्यात बसून असा खूश होऊन बघत होता, की मी पहिला नंबर आणला असता तरी माझ्याकडं त्यानं असं बघितलं नसतं.

त्याच दिवशी संस्कृती नावाची एक मुलगी माझ्याकडं पाणी प्यायला आली. बोलकी, डोळ्यात तेज. म्हणाली, “आजी, तुमच्या जाऊबाई लई भारी आहेत. सर पहिल्या तासाला त्यांचंच वाक्य सांगतात. दगडाला सगळंच उशिरा कळतं.”

माझ्या हातातला लसूण खाली पडला.

“कुनाचं वाक्य म्हनले सर?”

“काकींचं असेल ना. सर म्हणाले, घरच्या एका बाईनं सांगितलं. आम्हाला वाटलं, काकीच.”

“का? घरात दुसरी बाई न्हाई व्हय?”

ती गोंधळली. मी तिला आत घेतलं, शेंगोळ्याची वाटी हातात दिली आणि सरळ विचारलं, “माझ्याकडं का येत न्हाई गं तुमी?”

ती खात खात म्हणाली, “आजी, रागावू नका हं. तुमच्याकडं सगळ्यांनाच ‘कळलं’ मिळतं. आमच्या आधीच्या पोरांनी इथं शेंगोळे खाल्ले, ‘कळलं’ घेऊन गेली आणि बाहेरून परीक्षा घ्यायला सर आले, त्यांच्यापुढं एकालाही धड सांगता आलं नाही. गोरक्षनाथ सरांची मान खाली गेली. आता सर म्हणतात, आईकडं जेवायला जा, सांगायला काकींकडं जा.”

वाटी रिकामी करून ती गेली. जेवायला आईकडं! म्हणजे मी खानावळवाली झाले.

पण माझ्याकडंही एक गोष्ट होती, आणि चांगुणाचे डोळे तिच्यावर होते. माझ्या गच्चीवर गोरखची पेटी होती.

ही पेटी म्हणजे त्याचं खरं काम, त्याच्या इतक्या वर्षांच्या अभ्यासाचं. आम्हा बायकांचं उन्हाळी वाळवण ऐन वैशाखात ढग आले की नासतं. कुरडया पिवळ्या पडतात, पापडांना बुरशी येते. म्हणून त्यानं काळ्या पत्र्याची, वर काच लावलेली पलंगाएवढी पेटी बनवली. आत जाळ्या, त्यांवर माल मांडायचा. तळाशी मेण भरलेल्या नळ्या. ती माझ्या गच्चीवर ठेवली, कारण आमच्या गच्चीला सकाळपासून सावली नाही. आणि मी आई आहे, म्हणूनही असेल. ठेवली त्या दिवशी त्यानं मला सगळं समजावून सांगितलं. शेवटी विचारलं, “कळलं का आई?”

मी म्हणलं, “कळलं.”

चांगुणा खालून ओरडली, “आक्का, काचंचा पलंग आनलाय म्हनं तुला! झोपून बघितलास का?”

“तुझी खुर्ची तुला, माझा पलंग मला,” मी म्हणलं. त्या दिवशी जेवण गोड लागलं.

पण पेटी काही गोरखच्या मनासारखी चालेना. दर शनिवारी तो वर जायचा, तारांना जोडलेल्या मीटरवरचे आकडे उतरवून घ्यायचा आणि डोकं खाजवायचा. पेटी रात्रभर गरम राहते, आकडे तसं सांगतात, मग कुरडई वाळायला साध्या उन्हाइतकेच दिवस का घेते? त्यानं मेण बदललं. नळ्या बदलल्या. पंखा बसवला. मला विचारलं, “आई, मी सांगितलं तसंच करतीस ना?”

“तसंच.”

“दार उघडं ऱ्हात न्हाई ना?”

“न्हाई बाबा, लगीच लावते.”

तो वही मिटायचा आणि दुपार कलायच्या आत पोरांना घेऊन परत जायचा. वाळत चालला होता पोरगा. कुरडईपेक्षा लवकर. आरती मला म्हणाली, “आई, पुढच्या शनिवारी बचत गटाच्या बायका पेटी बघायला येणार आहेत. त्यांना पटली तर चार पेट्या गावात बसतील. पण हे म्हणतात, खोटं कसं सांगू? एवढं झालं की मेणाचा नाद सोडणार आहेत.”

मला वाईट वाटलं. अगदी मनापासून वाटलं. पण त्याच्या मागोमाग दुसरा विचार आला तोही सांगते. गच्ची माझी आहे. बायका माझ्या गच्चीवर येणार. म्हणजे या शनिवारी ऐकणाऱ्याची खुर्ची माझी.

मी आदल्या दिवशी गच्ची धुऊन काढली. शनिवारी उजाडताच कुरडयांचा ताजा घाणा घातला, पेटीत मांडला. मग शेंगोळ्याचं पातेलं चुलीवर ठेवलं, नवं लुगडं नेसले आणि जिन्याच्या तोंडाशी उभी राहिले. बायका आल्या. जीप आली. चारीपाशी हळू झाली आणि थांबली! माझ्या दारात थांबली!

मग हर्षल आणि आणखी एक पोरगा चांगुणाच्या घरातून निघाले. दोघांच्या हातात लाल खुर्ची. मागून चांगुणा, गूळ-शेंगदाण्याचं भांडं घेऊन, गुडघा सांभाळत. माझ्याच जिन्यावरून, माझ्याच गच्चीवर, माझीच खुर्ची चढली आणि तिच्यात चांगुणा बसली.

मी पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसले. म्हणलं, बस बाई. लोखंडाला पण तापायला वेळ लागतो, मला जळायला लागत नाही.

संस्कृती पुढं आली. पोरीनं मेहनत घेतली होती. हातात मेणाची नळी घेऊन म्हणाली, “दिवसा ऊन लागलं की हे मेण वितळतं. वितळायला त्याला ऊब लागते, ती ऊब ते पोटात ठेवून घेतं. ऊन गेलं की मेण परत घट्ट व्हायला लागतं आणि पोटातली ऊब सोडत जातं. म्हणून ऊन नसलं तरी पेटी गरम राहते. आपला माल रात्रीसुद्धा वाळत राहतो.”

सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. सगळ्यांनी चांगुणाकडं पाहिलं. गोरखही पाहत होता, पण त्याचा चेहरा पडलेला. आपल्या पेटीत तसं होत नाही, हे त्याला माहीत होतं.

चांगुणा म्हणाली, “कळलं.”

पहिल्या फेरीत! जिनं हर्षलला तीन-तीन शनिवार पाण्यावर परत पाठवलं, तिला पहिल्या फेरीत कळलं! चार बायका समोर आहेत म्हणून लगेच हुशार झाली. मूठभर गूळ-शेंगदाणे काढून संस्कृतीच्या हातावर ठेवायला लागली. माझ्या अंगाचा असा भडका उडाला, की तोंडातून कधी निघून गेलं ते मलाच कळलं नाही.

“मला न्हाई कळलं.”

चांगुणाचा हात तसाच हवेत राहिला. गोरखनं माझ्याकडं पाहिलं. इतक्या वर्षांत मी त्याला हे कधी म्हणाले नव्हते. त्याच्या बारावीला नाही, पुण्याला नाही, त्या पेटीच्या दिवशीही नाही.

“काय न्हाई कळलं, आई?” तो हळूच म्हणाला.

आता बोलले होते, माघार घेण्यात अर्थ नव्हता. “ही म्हनती, रात्री माल वाळतो. रात्री वाळतं काय?”

“पेटीतला माल, आजी,” संस्कृती म्हणाली.

“अगं पन रात्री पेटीत माल असतोय कुटं? दिवेलागणीला मी समद्या जाळ्या काढून घरात नेते. सकाळी परत मांडते.”

गोरख दोन पावलं पुढं आला.

“रोज?” गोरखनं विचारलं.

“रोज म्हंजे? वाळवान दिवेलागणीनंतर भाईर ऱ्हातं व्हय कुनाचं? घरात बाई न्हाई का, म्हनतील लोक. दार मी लगीच लावते की. तूच म्हनलास ना, उगडं ठिवू नको म्हनून.”

बायकांतली एक म्हणाली, “खरं हाय. मी पन काढलं असतं.” दुसरी म्हणाली, “सासूनं घराभाईर काढलं असतं, वाळवान रात्री भाईर ठिवलं तर.” आणि मग सगळ्याच एकदम बोलायला लागल्या.

गोरख जिन्याच्या वरच्या पायरीवर मटकन बसला. त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं, रडतोय. जवळ गेले तर खांदे हलत होते आणि तो हसत होता. हसता हसता डोळ्यांतून पाणी.

“मेन बदललं,” तो म्हणाला. “नळ्या बदलल्या. पंखा लावला. सगळा उन्हाळाभर. आणि रिकामी पेटी रात्रभर गरम करत बसलो मी!”

“मग मला सांगायचं न्हाई व्हय, रात्री ठिव म्हनून?”

“सांगितलं हुतं, आई. पहिल्याच दिवशी. तू म्हनलीस, कळलं.”

चांगुणा खुर्चीतून उठली, माझ्या शेजारी कठड्यावर येऊन टेकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “आक्का, दगडाला समदंच उशिरा कळतं.”

बायका हसल्या. मी तिला उत्तर देणार, तेवढ्यात ती संस्कृतीकडं वळून म्हणाली, “पोरी, हे माझं न्हाई बरं. हे हिचंच हाय. गोरख बारका हुता, ही भाकरी थापत हुती, तवा म्हनली हुती. मी तिथंच पीठ मळत बसल्ते.”

आता यावर काय करावं माणसानं? चिडावं का बरं वाटून घ्यावं, तेच मला समजेना. मी नुसतं विचारलं, “तू कशी काय पयल्या फेरीत कळलं म्हनलीस गं?”

ती माझ्या कानाशी आली. “न्हाईच कळलं हुतं. पन पेटी तुझी. तुझ्या म्होरं कसं इचारू? म्हनशील, हिला एवढं बी ठावं न्हाई. लई जीव जळत हुता माझा त्या पेटीवरून, गच्चीवर आली तवापासून.”

मी तिच्याकडं पाहिलं. इतके महिने मला वाटत होतं, ह्या गल्लीत जळणारी मी एकटीच.

त्या दिवशी पोरं जीपनं परत गेली, गोरख मुक्कामाला थांबला. दिवेलागण झाली. माझे हात आपोआप जाळ्यांकडं गेले. तो म्हणाला, “आई, ऱ्हाऊ दे.” मी ठेवल्या. पण जीव थाऱ्यावर नव्हता. चांगुणा खालून म्हणाली, “कोन काय म्हनलं तर माझ्याकडं पाठव. पानी पाजून परत लावते.”

सकाळी वर गेले. एक कुरडई उचलली, दोन बोटांत धरून मोडली. कट्कन आवाज आला. एका दिवस-रात्रीत असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. गोरख मागं उभा होता. विचारायला लागला, “कळलं का…” आणि मधेच थांबला. मग म्हणाला, “काय अडलं असंल तर सांग.”

“ह्या पेटीत शेंगा वाळतील का?” मी विचारलं. त्यावर तो इतका वेळ बोलत होता, की न्याहारी गार झाली. मला निम्मं कळलं. उरलेलं निम्मं मी त्याला परत सांगायला लावलं.

बचत गटानं पेट्या घेतल्या. पहिली कुणाच्या गच्चीवर गेली असेल? चांगुणाच्या. तिच्या गच्चीवर सावली येते, तरी तिनं हट्टानं घेतली.

आणि मला खुर्ची मिळाली. पुढच्या शनिवारी जीप चारीपाशी थांबली. गोरखनं पोरांना सांगितलं, आता दोघींनाही कळलं पाहिजे, नाही तर काम पुरं नाही. ऐकून पोरांचे चेहरे असे पडले की मला त्यांची दया आली. आम्ही दोघी कडुलिंबाखाली बसतो, निम्म्या तिच्या हद्दीत, निम्म्या माझ्या. हातांची लाल खुर्ची अजून तिच्याकडंच आहे. मला निळी आणली, तिला हात नाहीत. विचारलं तर म्हणतो, “काकींचा गुडघा दुखतो ना, आई, उठायला हात लागतात.” माझे गुडघे काय देवळात ठेवलेत?

मध्यंतरी संस्कृती परत आली. नवं काही तरी बनवलं होतं पोरीनं, उसाच्या चिपाडावरची चूल. चांगुणाला दुसऱ्यांदा सांगितल्यावर कळलं. तिनं गूळ-शेंगदाणे दिले आणि माझ्याकडं पाहिलं. घरात शेंगोळे शिजत होते, वास ओट्यापर्यंत येत होता. पोरगी वासाकडं बघत होती. माझा हात दोनदा वाटीकडं गेला.

मी तांब्या उचलून तिच्यापुढं केला. “पानी पे, बाळा. न्हाई कळलं. म्होरल्या शनवारी ये.”

तिसऱ्यांदा कळलं मला. चांगुणाहून मी तिला एक फेरी जास्त घालायला लावली.